अहवालातले अकरा डोळे

रोह्याच्या आमच्या क्लबमध्ये एखादं समाजकार्य झालं की नाही, हे बॅनरवरून ठरतं. फोटोत बॅनर असेल तर काम झालं. एका पावसाळ्यात कुंडलिका नदीचं पाणी पलीकडच्या अष्टमी गावात शिरलं तेव्हा क्लबची मंडळी दिवसभर मांडीएवढ्या पाण्यातून घरोघर पिठलं-भाकरी पोचवत होती. बॅनर मात्र आमच्या माळ्यावर राहिला. त्या वर्षीच्या अहवालात पूर नाही. रांगोळी स्पर्धा आहे. तिला बॅनर होता.

बॅनर आमच्याकडे असण्याचं कारण बाबा. ते कंपनीत शिफ्टला जातात, क्लबमध्ये माझ्या जन्माआधीपासून आहेत आणि एकदाही कुठल्या पदावर बसलेले नाहीत. पद मिळालं की भाषण करावं लागतं, म्हणून पदवाटपाच्या सभेच्या दिवशी ते दरवर्षी शिफ्ट बदलून घेतात. शेवटी कोणाला तरी त्यांची दया आली आणि बॅनर त्यांच्या ताब्यात दिला गेला. निळा, सॅटिनचा, कडेला सोनेरी झालर. बाबा तो हाताने धुतात, उलट्या बाजूने इस्त्री करतात. आईच्या लग्नातल्या शालूला एवढं कौतुक मिळालेलं नाही, आणि हे आई त्यांना दर इस्त्रीला ऐकवते.

मी क्लबची सभासद नाही. मी क्लबचं इंग्लिश आहे. पाहुण्यांशी माझी ओळख करून देताना सेक्रेटरीकाका असंच म्हणतात, "हे आपलं इंग्लिश." सेक्रेटरीकाकांचं स्टेशनरोडला औषधांचं दुकान आहे. दरवर्षी वरच्या जिल्हा कार्यालयाला क्लबच्या कामांचा अहवाल इंग्रजीत पाठवायचा असतो. माझ्याआधी तो तेच लिहायचे. वृक्षारोपणाचा अहवाल आणि हळदीकुंकवाचा अहवाल यांत झाडांच्या जागी बायका, एवढाच फरक असायचा. मग त्यांना कळलं की बॅनरवाल्याची मुलगी इंग्लिश मीडियमची आहे आणि घरातच असते.

घरातच असते म्हणजे लॅपटॉपवर काम करते. मुंबईच्या एका कंपनीसाठी मिक्सर, गीझर, इस्त्र्या यांची वर्णनं लिहायची. लोकांशी बोलावं लागत नाही म्हणून मी ते काम घेतलं. शाळेत मी इंग्रजीत गप्प बसायला शिकले, मराठीत गप्प बसायला घरी आधीच शिकले होते. क्लबचं लिखाण मला जड गेलं नाही. मिक्सरबद्दल जे लिहायचे तेच थोडं बदलून क्लबबद्दल लिहायचे. दणकट, विश्वासू, वर्षानुवर्षं सेवेत.

काही कामं खरोखरच तशी होती, हे सांगायला हवं. क्लबची शवपेटी आहे, बर्फाशिवाय थंड राहणारी. मुलगा आखातातून किंवा मुलगी पुण्याहून पोचेपर्यंत माणूस घरी नीट ठेवता यावा म्हणून ती देतात. कोणत्याही वेळी फोन करा, टेम्पोत घालून पोचती होते, जात-धर्म-पक्ष विचारला जात नाही. एवढ्या वर्षांत लाभार्थ्यांची एकही तक्रार आलेली नाही, असं मी अहवालात लिहिलं होतं. अध्यक्षांनी ते वरवर चाळून "छान" म्हटलं आणि पुढे पाठवलं.

अध्यक्ष म्हणजे हार्डवेअरच्या दुकानाचे मालक. खिळे मोजून न देता मूठभर देणारा मोकळा माणूस. पण क्लबच्या सभेत ते मे महिन्यातसुद्धा निळा ब्लेझर घालतात, गळ्यात पदक अडकवतात आणि घामाने निथळत घंटा वाजवतात. त्या वर्षी त्यांची एकच इच्छा होती, ती म्हणजे जिल्ह्याचं सर्वोत्तम प्रकल्पाचं पारितोषिक. ते लागोपाठ तीन वर्षं पेणच्या क्लबने नेलं होतं.

"पेणवाल्यांचं सोपं हाय," अध्यक्ष म्हणायचे. "जिल्ह्याचा साहेब आला की हातात गणपती ठेवतात. गणपतीला कोन नाय म्हननार? आपन काय ठेवायचं हातात? पाईपचा एल्बो?"

म्हणून नेत्रशिबिर.

*

शिबिर मार्चमध्ये झालं, रोह्यापासून वर डोंगराच्या अंगाला असलेल्या कातकरी वाडीच्या शाळेत. पेणच्या एका डोळ्यांच्या हॉस्पिटलचे डॉक्टर आले होते. ऑपरेशन ते मोफत करणार, माणसं शोधायची आणि पोचवायची आम्ही. मी दाराशी टेबल टाकून नावं लिहीत होते. प्रत्येक कार्डावर संपर्कासाठी एक नंबर हवा होता. सेक्रेटरीकाकांनी मला न विचारता माझा छापला होता. फोन वाजला की मी तो उलटा ठेवते, हे त्यांना माहीत नव्हतं.

रांगेतली एक आजी भिंतीला हात लावत लावत आली. मागे तिची सून.

"वय?" मी विचारलं.

"लिव काय तरी."

"साठ? सत्तर?"

"तुज्या कागदाला कोनता बरा दिसंल तो लिव."

मी सत्तर लिहिलं. मग तिने स्वतःच सांगायला सुरुवात केली, मला काही विचारावं लागलं नाही. अशी माणसं मला आवडतात. डाव्या डोळ्याला नुसता उजेड कळायचा. उजव्याला धुरातून पाहिल्यासारखं दिसायचं. पण तिचं दुखणं डोळ्यांचं नव्हतं, शेवळांचं होतं. पावसाच्या तोंडावर जंगलात शेवळं उगवतात, जांभळट कोंबांसारखी रानभाजी. आमच्याकडे तिच्यासाठी माणसं वर्षभर थांबतात. आजी ती आणून रोह्याच्या बाजारात बसायची, ठरलेल्या जागी, ठरलेल्या गिऱ्हाइकांसाठी. पण शेवळासारखाच दिसणारा दुसरा एक कोंब असतो. तो पोटात गेला तर घशाला अशी खाज सुटते की माणूस दोन दिवस बोलत नाही. गेल्या वर्षी धुरकट डोळ्याने आजीने दोन्ही एकत्र खुडले. एका मास्तरांच्या घरातले सगळे खाजवत उठले. मास्तरीणबाई दुसऱ्या दिवशी बाजारात आल्या आणि चारचौघांत टोपली उपडी केली.

"ह्या साली परत तसं झालं तं संपलं," आजी म्हणाली. "कोन घेल माज्याकडनं? जागा पन जाईल. शेवलां येयाच्या आदी डोला हवा गो मना. मंग काय पन करा."

हे मी कार्डाच्या मागे लिहून ठेवलं. का, ते माहीत नाही. त्यासाठी रकाना नव्हता.

अकरा जण ऑपरेशनसाठी निवडले गेले. एप्रिलमध्ये सात जणांची झाली. आजी आणि आणखी तिघं राहिले, कारण त्या दिवशी कोणाचा रक्तदाब वर, कोणाला खोकला. आजीला खोकला होता. हॉस्पिटलने चौघांसाठी मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारची तारीख दिली. सगळं ठीक होतं. फक्त जिल्ह्याला अहवाल पाठवायची मुदत त्याच्या दहा दिवस आधी संपत होती.

"सातच लिहायचे?" सेक्रेटरीकाकांचा चेहरा पडला. "पेणवाल्यांचे नऊ हायत म्हनं."

अध्यक्षांनी विचार केला. "चौघांची होनार हायत ना?"

"होनार."

"नक्की?"

"तारीख हाय हातात."

"मग होनार म्हंजे झाल्यासारखीच की. आपन काय खोटं सांगतोय? थोडं आदी सांगतोय."

आता फोटो हवा. ऑपरेशन झालेल्या माणसाच्या डोळ्यावर पट्टी असते. सेक्रेटरीकाकांनी दुकानातून कापूस, चिकटपट्टी आणि हिरवं कापड आणलं. आम्ही वाडीवर गेलो. बाबा बॅनर घेऊन, मी मोबाईल घेऊन. शाळेच्या ओटीवर चौघांना बसवलं आणि सेक्रेटरीकाकांनी एकेकाला पट्टी लावली. ते औषधं विकतात, त्यामुळे हात डॉक्टरसारखा चालला.

"ऑपरेशन झालं काय माजं?" आजीने विचारलं.

"नाय आजी, ही तालीम."

"आरं पन मना आता कायच दिसत नाय!"

सगळे हसले. मीही हसले. "हसा आजी, इकडे बघा," असं मीच म्हणाले. ती कुठे बघणार? सेक्रेटरीकाकांनी पट्टी तिच्या उजव्या डोळ्यावर लावली होती, ज्याने तिला थोडंफार दिसत होतं. हे मला घरी आल्यावर फोटो मोठा करून पाहताना कळलं. फोटोत तिघं कॅमेऱ्याकडे बघत आहेत आणि आजी तोंड वासून शाळेच्या घंटेकडे. बॅनर अगदी सरळ होता. बाबांनी धरला होता.

मी अहवाल लिहिला. अकरा आदिवासी बांधवांच्या जीवनात प्रकाश परतला, अशा अर्थाचं इंग्रजी. चांगलं उतरलं होतं. एका जागी तर मलाच भरून आलं. माझा हात कोणी धरलेला नव्हता, हे लिहून ठेवते.

*

मे महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी माझा फोन वाजला. उलटा ठेवला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा उचलला.

"ताई, सोमवारी गाडी किती वाजता येनार?" आजीची सून. "आत्ती कालपासून लुगडं धुऊन बसलीय."

मी म्हटलं, विचारून सांगते. मग हॉस्पिटलला करायचा फोन आधी कागदावर लिहून काढला, नेहमीसारखा: नमस्कार, मी अमुक क्लबकडून बोलतेय, सोमवारच्या चार पेशंटसंबंधी. दोनदा वाचला आणि लावला.

"कोणते चार, मॅडम?" शिबिरांचं काम बघणारा माणूस म्हणाला. "तुमचे सगळे झाले ना? परवा राहिलेल्यांची यादी मागितली तर अध्यक्षांनी रिपोर्टच पाठवला. अकराच्या अकरा कंप्लीट. म्हटलं, राहिलेले दुसरीकडे करून घेतले असतील. फार सुंदर लिहिलंय हो. सोमवार आम्ही पेणच्या क्लबला देऊन टाकला."

माझ्या कागदावर यापुढचं वाक्य नव्हतं. मी "बरं, थँक यू" म्हणून फोन ठेवला. अहवाल खरोखर वाचून कोणी माझ्या इंग्रजीची केलेली ही पहिली स्तुती.

घडलं ते असं. हॉस्पिटलने यादी मागितली तेव्हा अध्यक्ष दुकानात पत्रे मोजत होते. यादी वेगळी कोण करणार? मोबाईलमध्ये माझा अहवाल होता, त्यात सगळ्यांची नावं होती. तोच त्यांनी पुढे ढकलला. तो त्यांनी वाचला नव्हता. आमच्या क्लबमध्ये अहवाल पाठवतात, वाचत नाहीत.

मी दुकानात गेले. अध्यक्ष मला बघून चकित झाले. वर्षभरात मी स्वतःहून त्यांच्यासमोर उभी राहिले नव्हते. सांगितलं, तेवढ्या वेळात दोन गिऱ्हाइकं येऊन गेली, कारण मी हळू बोलते.

"आरे बापरे," ते म्हणाले आणि स्टुलावर बसले. "मग आता पावसाळ्यानंतर करू."

"पावसाळ्यानंतर नवीन अध्यक्ष."

जूनअखेर क्लबचं वर्ष संपतं आणि घंटा दुसऱ्याच्या हातात जाते. नवा अध्यक्ष जुन्याचं काम कधीच पुढे नेत नाही. तसं करणं म्हणजे दुसऱ्याच्या लग्नाच्या वरातीत आपण घोड्यावर बसणं. रोह्यात तीन अर्ध्या बालवाड्या आणि पाणपोईचे नुसते चौथरे आहेत, ते या रिवाजामुळे.

"हॉस्पिटलला सांगा ना, चूक झाली म्हणून."

"आन् जिल्ह्याला कललं तर? पारितोषिकाची यादी लागायची हाय." त्यांनी आवाज खाली आणला. "पोरी, चार मैने म्हंजे काय? येवडी वर्सं काढली ना त्यांनी?"

ते वाईट नाहीत. परत जाताना त्यांनी मला उगाचच एक टेस्टर दिला. काहीतरी द्यायला हवं असं वाटलं असावं.

फोनवर सांगण्यापेक्षा समोर जाणं मला कधीच सोपं वाटलेलं नाही, पण त्या दिवशी वाटलं. सहा आसनी रिक्षाने वाडीच्या पायथ्यापर्यंत गेले आणि वर चढले. आजी खरंच धुतलेलं लुगडं नेसून दारात बसली होती, तीन दिवस आधीच.

"आजी, सोमवारी गाडी येत नाही."

"का गो?"

"कागदावर तुमचं ऑपरेशन झालंय."

आजीने मान माझ्या आवाजाच्या दिशेने वळवली. "मंग मना दिसत का नाय?"

मी म्हटलं, चुकून लिहिलं गेलं.

"कोनी लिवलं?"

"मी."

सून आतून बाहेर आली. आजी म्हणाली, "तू लिवतेस तं चांगलं काय तरी लिवायचं होतंस. माजं घर पक्कं झालं म्हनून लिव. सुनंला अक्कल आली म्हनून लिव."

"आत्ती!" सून म्हणाली.

"गप गो. येवडं लिवनारी घरी आलीय."

मग तिने थट्टा थांबवली. "शेवलां पंधरा दिसांत येतील," ती म्हणाली. मला नाही, हवेला.

*

पेणच्या क्लबच्या अध्यक्षा गणपतीचा कारखाना चालवतात हे मला माहीत होतं, कारण आमच्या सभांमध्ये त्यांचा उल्लेख 'ती मूर्तीवाली बाई' असा होतो. शनिवारी सकाळच्या गाडीने पेणला गेले. कोणाला सांगितलं नाही. आईला म्हटलं, चार्जर आणायचाय.

कारखाना म्हणजे एक लांबलचक शेड आणि तीत ओळीने पांढरे गणपती, अजून रंग न लागलेले. बाई टोकाला बसून रंगवून झालेल्या काही मूर्तींचे डोळे आखत होत्या. याला आखणी म्हणतात आणि सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत सराईत हात ती करतो. साठीच्या, जाड भिंगाचा चष्मा, कपाळावर घामाने पसरलेलं कुंकू.

"बस. बोलू नको. हा डोळा होऊ दे," त्या न बघता म्हणाल्या.

मला दिलेला हा जगातला सर्वांत प्रेमळ आदेश होता. मी बसले. एक डोळा झाला. दुसरा झाला. मग त्यांनी कुंचला पाण्यात ठेवला. "हां. आता बोल. कोण तू?"

"रोह्याच्या क्लबची."

"रोह्याची? काय, गणपती हवाय साहेबाला द्यायला?"

"नाही. सोमवारी तुमच्या पेशंटबरोबर आमचे चार जण घेता का?"

"तुमचे तर अकराच्या अकरा झाले. हॉस्पिटलवाल्याने आम्हाला वाचून दाखवलं. प्रकाश काय परतला, पहाट काय फुटली. मी म्हटलं, रोह्याला कवी कुठून मिळाला?"

"मी लिहिलं ते. सातच झालेत."

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटलं आता फोन काढतील आणि जिल्ह्याला लावतील. त्या हसायला लागल्या. आवाज शेडभर गेला, काम करणाऱ्या बाया वळून बघायला लागल्या.

"आणि ते पट्टीवाले फोटो?"

"तालीम."

"अगं बाई गं!" त्यांनी डोळे पुसले. "आम्हीसुद्धा एकदा वृक्षारोपण केलं होतं खड्डे न खणता. पण माणसांना पट्ट्या? रोहेकरांचं डोकं अफाट आहे हो."

मग मी कार्डाच्या मागे लिहिलेलं वाचून दाखवलं. शेवळं, मास्तरीणबाई, उपडी केलेली टोपली. मोठ्याने वाचणं मला बोलण्यापेक्षा जमतं. बाई हसायच्या थांबल्या. समोरच्या मूर्तीच्या आखलेल्या डोळ्याकडे बघत राहिल्या.

"मलाही डाव्याने आता रेघ दोन दिसतात," त्या म्हणाल्या. "कोणाला सांगितलेलं नाही. गिऱ्हाईक जाईल." जरा थांबून: "आमचे चार जण साखरेमुळे बाद झालेत. चार खाटा आहेत. पण दोन गोष्टी. माणसं पेणच्या नावावर जातील."

"चालेल."

"आणि तुमच्या अकराचे सात करायचे. एकच माणूस दोन क्लबांनी बरा केला तर त्याला चार डोळे लागतील."

अहवालाच्या वेबसाइटचा पासवर्ड फक्त मला माहीत होता. सेक्रेटरीकाकांनी तो कधी विचारला नव्हता, कारण तो इंग्रजीत असेल असं त्यांना वाटायचं. जिल्ह्याने मुदत वाढवल्यामुळे अहवाल अजून बदलता येत होता. मी पेण स्टेशनच्या बाकावर बसून मोबाईलवरच अकराचे सात केले. प्रकाश काढला, पहाट काढली. चौघांचा फोटो काढून टाकला. मग अध्यक्षांना एका ओळीचा निरोप पाठवला आणि फोन पर्समध्ये अगदी तळाला ठेवला.

*

रविवारी सकाळी अध्यक्ष आणि सेक्रेटरीकाका घरी आले. ब्लेझरशिवाय, म्हणजे प्रकरण गंभीर. आईने चहा ठेवला. मी आतल्या खोलीच्या दारात, एक पाय आत.

"तुमच्या लेकीनं आपलं पारितोषिक पेनला नेऊन दिलं," अध्यक्ष बाबांना म्हणाले. "हातानं! गणपती पन त्यांचा, डोले पन त्यांचे. आपल्याकडं काय राह्यलं?"

"शवपेटी," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"वैनी, चेष्टा नको."

"परत अकरा करता येतील ना?" सेक्रेटरीकाका मला म्हणाले. "अजून मुदत वाढलीय दोन दिवस. तू फक्त पासवर्ड सांग. बाकी मी करतो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला अशा वेळी कानात पाणी गेल्यासारखं होतं. मी आदल्या दिवशी अख्ख्या वर्षाचं बोलून टाकलं होतं. तरी म्हटलं, "नाही सांगणार."

"का पन?"

"परत आजीची तारीख जाईल."

"अगं, हॉस्पिटलला कशाला दाखवतोय आपन?"

"गेल्या वेळी कुठे दाखवायचं होतं?"

अध्यक्ष बशीत चहा ओतत होते, ते थांबले. सेक्रेटरीकाका बाबांकडे वळले. "तुमी सांगा तिला. तुमचं ऐकंल."

बाबांना सभेत कोणी असं थेट विचारलं की ते पाणी प्यायला उठतात. उठलेही. मग मधेच उभे राहिले आणि भिंतीकडे बघून म्हणाले, "पट्टी उजव्या डोल्यावर होती. ती म्हातारी माज्या शेजारी होती. तिनं बॅनरचा काठ घट्ट धरला होता, पडंन म्हनून. मी तिला सांगितलं, सोड, चुन्या पडतील."

बाबा पाणी प्यायला गेले. माझ्या आठवणीतलं त्यांचं हे सर्वांत मोठं भाषण.

अध्यक्षांनी चहा संपवला. "सात तर सात," ते कपाला म्हणाले. आणि दारातून वळून: "सोमवारी गाडी कोनाची जानार वाडीवर? पेनची गाडी तिथवर चढंल काय? ड्रायव्हरला रस्ता तरी माहीत हाय? माजा टेम्पो घ्या. पत्रे उतरवून ठेवतो."

"बॅनर आणू का?" सेक्रेटरीकाकांनी सवयीने विचारलं.

"गप बसा हो," अध्यक्ष म्हणाले.

सोमवारी हार्डवेअरच्या टेम्पोत गादी घालून चौघं पेणला गेले. अध्यक्ष स्वतः चालवत होते, आणि वडखळच्या ट्रॅफिकमध्ये त्यांनी प्रत्येक ट्रकला शिव्या दिल्या. मागे आजी त्या मोठ्याने मोजत होती. हॉस्पिटलच्या दारात पेणचा क्लब उभा होता. त्यांचा बॅनर मरून रंगाचा होता, झालर आमच्यापेक्षा मोठी. आमच्या अध्यक्षांना फोटोतून बाजूला व्हायला सांगितलं. ते झाले. थोडे हळू झाले.

डॉक्टरांनी डावा डोळा आधी करायचं ठरवलं, कारण उजव्याने अजून भिंती धरून चालता येत होतं.

मंगळवारी सकाळी पट्ट्या सोडल्या. आजी खाटेवर बसलेली. डॉक्टरांनी कापूस उचलला, औषध घातलं आणि तिला हळूच डोळा उघडायला सांगितला. पेणच्या बाई पुढे होऊन म्हणाल्या, "आजी, किती बोटं?"

आजीने डोळे मिचकावले. "बोटं ऱ्हाऊं दे. हाताला निला रंग कसला लागलाय, धुतला नाय काय?"

बाईंनी हात मागे घेतला. आमचे अध्यक्ष पहिल्यांदाच त्या दिवशी मनापासून हसले. आजीची मान फिरत फिरत माझ्यावर आली. मी खिडकीशी, पडद्याच्या अर्धी मागे.

"ही कोन?"

"ती लिवनारी," सून म्हणाली.

"हीच? आवाजावरनं मना लहान पोर वाटली. ही तं चांगली घोडी हाय. पडद्याआड काय करतेस गो? हितं ये."

मी गेले. तिने माझा चेहरा जवळ ओढून पाहिला. भाजी बघतात तसा, किडलीय का ते तपासत. मग सोडला.

"दुसरा डोला कधी?"

खोलीत दोन क्लबांचे दोन अध्यक्ष होते. पेणच्या बाईंनी आमच्या अध्यक्षांकडे पाहिलं, आमच्या अध्यक्षांनी छताकडे. डॉक्टर म्हणाले, दीड-एक महिन्याने करता येईल. म्हणजे जुलै. म्हणजे दोघांच्याही घंटा तोवर दुसऱ्यांच्या हातात.

"पुढचे अध्यक्ष ठरवतील," बाई म्हणाल्या. "आमचे काय, तुमचे काय."

"व्हय, पुढच्यांच्या कानावर घालतो," आमचे अध्यक्ष म्हणाले.

"मना अध्यक्ष नको," आजी म्हणाली. "तारीख सांगा."

मी नर्सच्या टेबलाशी गेले. कागदावर काही लिहून नेलं नव्हतं. चौघांच्याही दुसऱ्या डोळ्यासाठी जुलैची तारीख मागितली. तिने वही उघडली, क्लबचं नाव विचारलं. मी म्हटलं, क्लब नाही, माझंच नाव लिहा, नंबर तुमच्याकडे आहे. तिने लिहिलं. मी परत येऊन आजीला तारीख सांगितली. आजीने ती सुनेकडून तीनदा म्हणवून घेतली आणि मग मला म्हणाली,

"फोन उचल हां. नाय तं वाजतोय वाजतोय."